सप्टेंबरअखेरच्या अकरा गाड्या

रेशनिंग कार्यालयातल्या कारकुनाने नोटीस वाचून दाखवली तेव्हा सुगंधाला आधी हसूच आलं. तुमच्या नावावर चारचाकी वाहन आहे, तेव्हा तुमची केशरी शिधापत्रिका रद्द का करू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा, असं त्यात लिहिलं होतं.

सुगंधाची खोली कांदिवली पूर्वेला, डोंगराच्या उतारावर. तिथे रिक्षासुद्धा अर्ध्या वाटेत उतरवून परत फिरते.

"अहो भाऊ, गाडी ठेवू कुठे? पोटमाळ्यावर?"

कारकून हसला नाही. त्याने संगणक तिच्याकडे वळवला. नाव तिचंच होतं, पत्ताही तिचाच. खाली गाडीचा नंबर, रंग पांढरा, नोंदणी तीस सप्टेंबर.

ती तारीख बघितली आणि तिचं हसू गेलं.

सुगंधा अंधेरीतल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये कामाला होती. गाडी विकणं तिचं काम नव्हतं. विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना जो सोहळा करतात तो तिच्याकडे असे. गाडीवर लाल सॅटिनचं कापड घालायचं, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मग ओवाळायचं, घंटा वाजवायची, टाळ्या, फोटो. नारळ मात्र फोडायचा नाही, फरशी खराब होते. तो गाडीला टेकवून परत कपाटात ठेवायचा. एकच नारळ आठवडाभर चाले. सुरुवातीला तिला याची किळस यायची. पुढे सवय झाली, आणि मग कधीकधी त्या सवयीचीच किळस यायची.

गेल्या सप्टेंबरात शोरूमची हालत वाईट होती. छोटी गाडी कोणी विचारत नव्हतं. ज्याला त्याला उंच, दांडगी गाडी हवी. छोट्या गाड्या भिवंडीच्या आवारात रांगेने धूळ खात उभ्या होत्या, आणि वरून कंपनीचा फोन तासातासाला येत होता. तीस तारखेला दुपारी सेल्स मॅनेजर अनिरुद्ध याने स्टाफला एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. सुगंधाचीही पाळी आली.

"सुगंधाताई, आधार कार्ड द्या जरा. आणि मोबाइलवर नंबर येईल तो सांगा."

"कशाला सर?"

"फॉर्मॅलिटी हो. दिवाळीला काहीतरी सुटेल तुम्हालाही."

तिने सहा आकडे वाचून दाखवले. पेन्सिलीने फुली केली होती तिथे तिथे सह्या केल्या. कागद वाचले नाहीत. वाचत बसलो तर सरांना वाटेल आपला विश्वास नाही, एवढंच तेव्हा मनात आलं. दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला, त्यात चार प्रकार होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चहाच्या खोलीत वर्तमानपत्राचं कात्रण लागलं. छोट्या गाड्यांना पुन्हा मागणी, देशभर विक्रीत वाढ. चहा पिता पिता तिने ते वाचलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं. चला, आपल्यासारख्यांनाही गाडी परवडायला लागली म्हणायची!

नोटीस घेऊन ती घरी आली तेव्हा सासू, रुक्मिणी, खाटेवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. एका धर्मादाय रुग्णालयात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन फुकट ठरलं होतं, ते केशरी कार्डाच्या जोरावर. तारीख मिळायलाच आठ महिने गेले होते.

"आई, आपल्या नावावर गाडी आहे म्हणतात."

"खयची गाडी गो?"

"मोटार."

रुक्मिणीने तेलाची वाटी खाली ठेवली. "अगो, तुझ्या सासऱ्यान बत्तीस वर्सा गिरणीत काढल्यान, त्याका सायकल जमाक नाय. आणि तुका मोटार? कोणी सांगितल्यान?"

"सरकारने."

"मग सरकाराक सांग, येवन माका हास्पिटलात सोड म्हणान, त्याच मोटारीतसून."

सुगंधा हसली. गाडीचा कार्डाशी आणि कार्डाचा गुडघ्यांशी असलेला संबंध म्हातारीला अजून कळला नव्हता. सांगायचं धाडस सुगंधाला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली. "सर, माझ्या नावावर गाडी आहे?"

"हळू, हळू. आधी दार लावा."

अनिरुद्ध ओशाळला नाही. तो ओशाळला असता तर तिला निदान काहीतरी बरं वाटलं असतं. तो खुर्ची मागे ढकलून, एखाद्या लहान मुलीला समजवावं तसा बोलायला लागला. "अहो, सगळेच करतात. अंधेरीत करतात, मुलुंडला करतात, देशभर करतात. महिन्याचा आकडा झाला नाही तर कंपनी आपली वाट लावते. अकरा गाड्या कमी पडत होत्या, स्टाफच्या नावावर टाकल्या. त्यातल्या आठ गेल्या पण."

"गेल्या म्हणजे? नव्या म्हणून?"

"शोरूममधून घेतली म्हणजे नवीच ना! बावीस किलोमीटर चाललीय फक्त."

"आणि पेपरात आलं होतं, मागणी वाढली म्हणून?"

"आमच्या अकरा, दुसऱ्याच्या वीस, तिसऱ्याच्या चाळीस. लोक वाचतात, त्यांना वाटतं लोक घेतायत. मग लोक घेतात. धंदा असाच चालतो ताई."

चहाच्या खोलीत वाटलेला तो आनंद तिला आठवला आणि तोंडात कडवट पाणी आलं. त्या बातमीतली एक गाडी आपणच होतो.

"माझं कार्ड जाईल सर. सासूबाईंचं ऑपरेशन आहे."

"काही जात नाही. तुमच्या गाडीला गिऱ्हाईक लागलंय. या फॉर्मवर सह्या करा. गुरुवारी डिलिव्हरी, शुक्रवारी कागद आरटीओत. गाडी गेली, नाव गेलं, कार्ड राहिलं. झकास! आणि डिलिव्हरी तुम्हीच करायची हं. मालकीणबाई तुम्ही!"

तो स्वतःच्या विनोदावर हसला. या वेळी तिने फॉर्म वाचला. वाचून सही केली. ही दुसरी सही पहिल्या सहीपेक्षा वाईट आहे, हे तिला सही करतानाच कळत होतं. पण डोळ्यांपुढे म्हातारीचे सुजलेले गुडघे होते.

गुरुवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. गोरेगावचं जोडपं. सर्वेश कुठल्याशा विमा कंपनीत होता, अक्षता महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने हिरवी साडी नेसली होती, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"ताई, हा आमच्या गावचा आहे, देवगडचा. सासरी-माहेरी कुणाकडेच गाडी नव्हती हो. ही पहिली. मी बारा वर्षांचा पीएफ काढलाय. सगळे म्हणत होते जुनी घे, शिकायला बरी. मी म्हटलं नाही, एकदाच घेणार, ती कोरी घेणार."

सुगंधा झेंडूचा हार सोडवत होती. तिच्या हातून दोरा तुटला.

लाल कापडाखाली ती पांढरी गाडी उभी होती. चार महिने कागदावर तिची असलेली गाडी ती पहिल्यांदाच बघत होती. भिवंडीची धूळ पुसली होती, पण पुढच्या काचेच्या रबराच्या खाचेत तपकिरी रेघ तशीच होती. सुगंधाने पदराच्या टोकाने ती पुसायला घेतली आणि मध्येच हात मागे घेतला. आपण काय पुसतोय?

अक्षता गाडीपुढे उभी राहून आईला फोन करत होती. सर्वेश काउंटरपाशी एकटा दिसला तशी सुगंधा त्याच्याजवळ गेली. "साहेब, एक सांगायचं होतं. ही गाडी आधी दुसऱ्याच्या…"

"माहितीये मला." त्याने मान न वळवताच म्हटलं. "लाखभर सोडलेत त्यांनी. हिला काही बोलू नका. हिचं ते कोरी-कोरी चाललेलं असतं. चालवायला लागली की विसरेल."

"पण पैसे बाईंचे ना?"

"ताई, तुम्ही आरती करा ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. फाटक्या नोटेची घडी करून गर्दीत खपवावी, तितकं सहज तो बोलला होता. सुगंधाला वाटलं, इथल्या चकचकीत फरशीवर सगळीकडे काहीतरी चिकट सांडलंय आणि आपण रोज त्यातूनच अनवाणी फिरतो आहोत. अनिरुद्धला माहीत, नवऱ्याला माहीत, मला माहीत. ती एकटीच काय ती हिरवी साडी नेसून आलीय.

गप्प राहणं किती सोपं होतं! गप्प राहिलं की सगळ्यांचं भलं. म्हातारी चालायला लागेल.

कापड ओढलं गेलं. टाळ्या झाल्या. सुगंधाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अक्षताला कुंकू लावलं, ओवाळलं. फोटोवाला "स्माइल, स्माइल" करत होता. अनिरुद्धने प्लास्टिकची मोठी चावी पुढे केली. तेवढ्यात अक्षताच्या मनात काय आलं कोण जाणे, ती वळली आणि सुगंधाच्या पायाशी वाकली.

"आई गावाला आहे माझी. तुम्हीच आशीर्वाद द्या."

सुगंधा झटकन मागे सरली. ताम्हनातली निरांजनं कलंडली.

"पाया नको पडू गं बाय. गाडी कोरी नाही. चार महिने माझ्या नावावर होती."

फोटोवाल्याचा हात खाली आला. अक्षता अर्धी वाकलेली तशीच राहिली, मग सरळ झाली.

"तुमच्या?"

"आकडा दाखवायला. मला पण माहीत नव्हतं. तू दुसरी मालकीण आहेस, गाडीच्या पुस्तकात तसंच येईल."

"सुगंधाताई!" अनिरुद्ध ओरडला.

अक्षताने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तो मोबाइलकडे बघत होता. शिक्षिका होती ती, उत्तर येत नसलेलं तोंड तिला ओळखता येत असणार.

"सर्वेश, तुला ठाऊक होतं."

"अगं, लाख रुपये वाचले. घरी जाऊन बोलू ना."

"माझ्या पैशात मला फसवायचं आणि वर या बाईंकडून ओवाळून घ्यायचं? लाज कशी नाही वाटली रे? आणि हसत होतास फोटोत!" तिने प्लास्टिकची चावी बॉनेटवर, ओल्या स्वस्तिकावर ठेवली. "पैसे परत करा. मी इथेच बसते."

ती खरोखरच सोफ्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. सर्वेश तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला.

केबिनमध्ये अनिरुद्धचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? आत्ताच्या आत्ता घरी जा. परत यायचं नाही."

"जाते," सुगंधा म्हणाली. पण ती हलली नाही. टेबलावर फाइल उघडी होती. त्यातला आपल्या सहीचा विक्रीचा फॉर्म तिने काढला आणि उभाच फाडला.

"अहो, काय करताय!"

"गाडी माझ्या नावावर आहे ना सर? मग आता ती माझ्या सहीशिवाय विकता यायची नाही." हे बोलेपर्यंत तिला स्वतःलाही ते सुचलं नव्हतं. "सही देईन. गिऱ्हाइकाला समोर बसवून, दुसऱ्या हाताची आहे असं सांगून. आणि त्याआधी मला लेटरहेडवर लिहून पाहिजे, की गाडी माझी नाही, शोरूमची आहे. रेशनिंगला द्यायला."

अनिरुद्ध बराच वेळ बोलला. आधी दरडावून, मग समजुतीने, मग चक्क "तुम्ही माझ्या आईसारख्या" असं म्हणून. त्या शेवटच्या वाक्याने तिला मळमळलं. ती फक्त उभी राहिली. शेवटी त्याने पत्र टाइप करून घेतलं आणि शिक्का मारून तिच्यासमोर टाकलं.

तिने पत्र ओळ न ओळ वाचलं. सदर वाहनाची नोंदणी कार्यालयीन नजरचुकीने सुगंधा पेडणेकर यांच्या नावे झाली आहे.

"नजरचूक नव्हती सर. अकरा होत्या."

"दुसरं काही लिहून मिळणार नाही. हवं तर घ्या, नाहीतर ठेवा."

तिने पत्राकडे पाहिलं. ठेवावं असं फार वाटलं. मग तिने त्याची घडी केली आणि पर्समध्ये घातली.

सोमवारी रेशनिंग कार्यालयात तोच कारकून होता. त्याने पत्र वाचलं, शिक्का बोटाने चाचपला, वरच्या साहेबाकडे जाऊन आला. कार्ड सध्या चालू राहील, महिन्याभरात गाडीवरून नाव निघाल्याचा कागद आणा, असं म्हणाला. रुग्णालयाची तारीख त्याच्या आत होती.

"आधीच सांगायचं ना बाई. नजरचूक झाली म्हणा की!"

मागे रांग होती. पिशव्या घेतलेल्या बायका पुढे सरकत होत्या. सुगंधाने कार्ड उचललं. त्यावर सासऱ्याचं नाव होतं, जुन्या शाईत.

"बोला, नजरचूकच ना? तसा शेरा मारायचाय मला."

"हो," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर नळ दिसला तिथे ती वाकली. दोनदा चूळ भरली. मग तिसऱ्यांदा भरली.