ओट्यावरचे वादक

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना घरं, घरांना ओटे, आणि रविवारी संध्याकाळी ओट्याओट्यावर कोणी ना कोणी गातंय, वाजवतंय. छान ना? आता डोळे उघडा, कारण त्याला परवाना लागतो.

त्या परवान्यापायी आत्याने चपला झिजवल्या. पोलीस चौकी म्हणे, आधी पालिकेत जा. पालिका म्हणे, आधी चौकीचा शिक्का आणा. आज एकदाचा खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. शेजारी तिची भाची पिंगी टाचा उंचावून बघत होती. आत्याने मोठ्याने वाचलं, "रस्ता बंद होणार नाही. ओट्यांवर फक्त वादक व गायक. श्रोत्यांनी न थांबता चालत राहावे."

तिने मान वर केली. "म्हणजे चालता चालता ऐकायचं?"

"थांबले की गर्दी होते, बाई."

"अहो, गर्दी व्हावी म्हणूनच करतोय ना!"

"मग मैदानासाठी अर्ज करा. वरच्या मजल्यावर. साहेब रजेवर आहेत."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंगीचा चेहरा एवढासा झाला. तिला व्हायोलिन शिकवलं कोपऱ्यावरच्या मास्तरांनी. त्यांच्या घराला ओटा नाही. हात थरथरतो म्हणून त्यांनी स्वतःचं व्हायोलिन कधीच पेटीत ठेवून दिलंय. काठी टेकत चार पावलं टाकली की थांबावंच लागतं. आणि रविवारी पिंगी पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार, ती त्यांचीच धून.

"काका, वादक कोणाला म्हणायचं?" पिंगीने विचारलं.

"ज्याच्या हातात वाद्य, तो वादक. चला, पुढच्याला येऊ दे."

घरी येईपर्यंत आत्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "डोंबल्याचा परवाना! मास्तरच नाहीत तर कशाला हवाय कार्यक्रम? रद्दच करते. काय गं, पिंगे?"

पण पिंगी कधीच घरात पळाली होती. बाहेर आली ती धाकट्या भावाचा खुळखुळा घेऊन, आणि मागे रडारड सोडून. आत्या बघते तो पोरगी मास्तरांच्या दारात.

"मास्तर, रविवारी तुम्ही आमच्या ओट्यावर वाजवायचंय."

"अगं, आता कुठलं वाजवणं? हा हात बघ, एक क्षण स्थिर राहत नाही."

पिंगीने तो हात धरला आणि खुळखुळा त्यात ठेवला.