मास्तरांचं युरिक ॲसिड

लॅबवाल्या बाईंना आकड्यांचा भारी अभिमान. दिवसभर लोकांच्या रक्तातले आकडे बघायच्या, मग घरचाच आकडा बिघडलेला त्यांना खपेल कसा? त्यांचे यजमान शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकदा मास्तरांच्या पायाचा अंगठा असा काही सुजला की मशीनच्या पायडलवर पाय ठेववेना. युरिक ॲसिड नऊच्या वर निघालं, म्हणजे गाउट. झालं, बाईंनी कंबर कसली.

मटण बंद, मासे बंद, बिअरचं तर नावच काढू नका. गोळी रोज बाईंच्या हातची, आणि दर महिन्याला लॅबमध्ये नेऊन रक्त काढणं. आकडा पाचावर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बास झालं, आता गोळी निम्मी करा." पण बाई कसल्या ऐकतात! चार झाला, तीन झाला, एकदा तर अडीच. पोराचा पहिला नंबर आल्यासारखा तो रिपोर्ट त्यांनी शेजारणींना दाखवला. अंगठा पुन्हा दुखला नाही, हेही खरं.

मग एक दिवस मास्तरांच्या उजव्या हाताची थरथर बाईंच्या नजरेस पडली. सुईत दोरा जाईना. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. तेही बाईंनी धीराने घेतलं. त्या खचल्या त्या नंतर. लॅबमधले एक डॉक्टर चहा पिताना सहज बोलून गेले, "गाउटवाल्यांना म्हणे पार्किन्सन कमी होतो. युरिक ॲसिड मेंदूला जपत असावं."

बाईंचा चहा तसाच निवला. म्हणजे जे जपत होतं, ते आपणच हट्टाने काढून टाकलं? अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना गाठलं.

"संबंध दिसतो, नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ते कमी झालं म्हणूनच आजार झाला, असं सिद्ध झालेलं नाही. रुग्णांचं युरिक ॲसिड मुद्दाम वाढवूनही पाहिलं, आजार काही मंदावला नाही. जिवाला लावून घेऊ नका."

बोलायला काय जातं. त्या संध्याकाळी दुकानात मास्तर एकटेच बसले होते. बाईंनी सगळं सांगून टाकलं. "तुमच्या या हाताचं मीच वाटोळं केलं हो," म्हणाल्या, आणि रडल्या.

मास्तरांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. "अगं, मला वाटत होतं माझ्यामुळेच झालं. तुला चोरून मी कोपऱ्यावरच्या खानावळीत मटण खायचो. हात थरथरायला लागला तेव्हा म्हटलं, भोवलं. म्हणून दोन वर्षं लपवलं. बारीक काम कारागिराकडे सरकवायचो. रक्त द्यायला डावा हात पुढे करायचो."

"दोन वर्षं?" बाईंचे डोळे जागच्या जागी सुकले. "अहो, औषध मिळालं असतं. ती दोन वर्षं तरी हात धड चालला असता. का नाही सांगितलंत?"

"तू रागावली असतीस."

नसते रागावले, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रागावल्याच असत्या त्या.