मंगल पुंजाराम

हिशेब घ्यायला जायच्या दिवशी ह्यांनी कारखान्याचं जे जे घरात होतं ते सगळं गोळा केलं. निळे कपडे, बूट, गेटपास आणि कामगार विम्याचं कार्डसुद्धा. कपडे मीच धुऊन घडी घालून दिले होते. टाईमकीपरच्या खिडकीत ते गाठोडं आदळून हे म्हणाले, "घ्या, तुमचं तुम्हाला. सुतळीचा तोडासुद्धा ठेवला नाही घरात."

कारखान्यातलं ह्यांचं अख्खं शॉप, म्हणजे ह्यांचं खातं, बंद झालं होतं. बाकीचे लोक मान खाली घालून सही करून आले. त्यामुळे सातपूरच्या आमच्या वसाहतीत ह्यांच्या गाठोड्याचीच गोष्ट झाली. रात्री नळाजवळच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी म्हणायचं, "पुंजाराम, सांग ना रे, कसं आदळलंस!" आणि हे सांगायचे. दर वेळी टाईमकीपरचा चेहरा थोडा जास्त पडायचा. मी दारात भांडी घासत ऐकायची. मलाही बरं वाटायचं. कट्ट्यावरून घरात येताना ह्यांची मान ताठ असायची, आणि तेवढंच काय ते ताठ उरलं होतं. पहाटे टेम्पोत बसून पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या चढवायला जायचे, ते अंधार पडल्यावर वाकूनच यायचे.

मग आमच्या नलूचा गुडघा सुजला. पडली असेल, म्हणून मी हळद लावली. चार दिवसांनी गुडघ्याची सूज उतरली आणि मनगट सुजलं. अंगात ताप. रात्री कुशीत घेतली की तिचं काळीज माझ्या हाताखाली पाखरासारखं फडफडायचं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, "हा सांध्याचा ताप. सांधे सोडून देतो, हृदयाला धरतो. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. वर्षानुवर्षं. एकही चुकवायचं नाही." इंजेक्शन मात्र तिथं शिल्लक नव्हतं. बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली. पहिलं माझ्या कानातल्यांवर झालं. दुसऱ्याच्या वेळी माझे कान मोकळे होते.

शेजारच्या सुलाबाई मूळच्या सायखेड्याच्या. माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचा मुलगा मोतीराम दुसऱ्या कारखान्यात होता. त्यांनी त्याचं विम्याचं कार्ड पदराखालून माझ्यापुढं धरलं.

"घे. विम्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं फुकट मिळत्यात. आमच्या मोतीरामची मंगल तुझ्या नलूएवढीच हाय."

"नको हो सुलाबाई. खोटं बोलायचं?"

"मग काय खरं बोलून पोरगी मारतीस? कार्डावर काय फोटो हाय का तिचा? नाव सांगायचं मंगल. झालं."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"तुला कोण ओळखतंय? तू काय आमदारीणबाई हायेस?" असं म्हणून त्याच हसल्या. मी कार्ड घेतलं. हसू काही आलं नाही.

दोन दिवस मी नलूला शिकवत होते. वेणी घालताना, भात भरवताना.

"तुझं नाव काय?"

"नलू."

"दवाखान्यात काय सांगायचं?"

"मंगल. पण आई, मंगल तर नाक पुसत नाही."

"तू पुसत जा. पण मंगल म्हण."

तिला तो खेळ वाटला. स्वतःच्या लेकराला तिचंच नाव विसरायला शिकवताना मी तिच्या पाठीमागे बसत होते, वेणी घालायच्या निमित्तानं. तोंड दिसू नये म्हणून.

दवाखान्यात बाकावर बायकाच बायका. ह्यांच्या शॉपमधल्या दोघींना मी लांबून ओळखलं आणि पदर पुढं ओढला. त्या इथं कशा, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. नंबर आला. आत डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी सरकारी चिठ्ठी वाचली. मी तिच्यावरचं नाव दुमडून ठेवलं होतं. मग त्यांनी नलूला जवळ ओढलं.

"नाव काय ग तुझं?"

"मंगल," नलू लगेच म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. जमलं!

"अशी नाही. शाळेत सांगतात तसं, पूर्ण नाव सांग."

नलू ताठ उभी राहिली. सुजलेला हात पोटाशी धरून खणखणीत आवाजात म्हणाली, "मंगल पुंजाराम दोंदे."

बापाचं नाव बदलायला मी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवलं असतं तरी तिनं ते सोडलं असतं, असं मला वाटत नाही.

बाईंनी कार्ड पाहिलं. मोतीराम केदारे. दारात नंबर पुकारणारी बाई आत डोकावली. माझे कान तापले, पायाखालची फरशी तेवढी दिसत होती. आता हाकलतील, मोतीरामचं कार्ड जाईल, त्याच्या घरी काय सांगू?

डॉक्टरीणबाईंनी तिला दार लोटायला सांगितलं. "पुंजाराम दोंदे कुठं असतात?"

मी सगळं सांगितलं. गाठोड्याचंसुद्धा.

"अहो, पण कार्ड कारखान्याचं नसतं," त्या म्हणाल्या. "पगारातून पैसे तुमचे कापले ना? काम गेलं तरी मुदत संपेपर्यंत औषध तुमच्या हक्काचं. बाहेर तुमच्याच कारखान्यातल्या दोघी बसल्यात, पाहिल्या नाहीत? हे आजचं टोचते. पुढच्या वेळी हिला हिच्या नावानं आणा. आणि हे असलं पोरीकडून पुन्हा वदवू नका."

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हे पिंपळगावला गेल्यावर मी नलूला कडेवर घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले. नेमकी पाळी सुटत होती. वॉचमन लहानूदादा ह्यांना ओळखणारे. माझ्याकडे बघून त्यांनी विडी विझवली.

"वैनी? पुंजा नाय आला?"

"त्यांना माहीत नाही. कार्ड पाहिजे होतं दादा. विम्याचं."

ते आत गेले आणि अख्खं गाठोडंच घेऊन आले. मी घातलेली घडी तशीच होती. "टाईमकीपर म्हणला, ठेवा, मागायला येईल. बूट बी नेता का? चांगले हायेत."

मागं कुणीतरी म्हणालं, "पुंजारामची बायको ना ही?" आणि कुणीतरी हसलं. "सुतळीचा तोडा न्यायला आली असंल!"

मी कार्ड तेवढं घेतलं. बुटांकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. ते नाही म्हणणं फार जड गेलं, कारण ह्यांच्या पायात फाटकी चप्पल होती.

घरी मी सांगायच्या आधी नलूनंच सगळं सांगितलं, दवाखान्यातलं आणि गेटवरचंही. हे भाकरी मोडत होते. हात थांबला.

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं."

ह्यांनी नलूचं मनगट हातात घेतलं, दाबून पाहिलं. "दुखतं?" "थोडं," ती म्हणाली. अर्धी भाकरी तशीच ठेवून हे बाहेर गेले. मी दाराआड उभी राहिले. कट्ट्यावर हसणं चाललं होतं. आज पाळीवरून आलेलेही त्यात होते. ह्यांना बघून ते गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "या पुंजाराम. सांगा ना, कसं आदळलं होतं ते?"

ह्यांनी नळाखाली हात धुतले.

"आदळलं होतं," हे म्हणाले. "त्यातलं कार्ड परत आणलंय. पोरीला लागतं."

हे आत आले, उरलेली भाकरी खाल्ली. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी ह्यांनी मुद्दाम टेम्पो चुकवला. नलूला खांद्यावर घेऊन माझ्यापुढे चालत राहिले. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं तेव्हा नलूनं आधी माझ्याकडे पाहिलं. आज कोणतं सांगू, असं. माझी मान खालीच गेली.

"सांग ना ग," हे म्हणाले. "माझं सांगितलंस तसंच तुझं सांग."