आधी गाडी, मग घर

माझ्या बापाइतका प्रेमळ आणि माझ्या बापाइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे दोन्ही गुण एकाच माणसात आले की घरच्यांचं काय होतं ते मला विचारा.

आमची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. पिल्लं येतात आणि सहा आठवड्यांत गाडीत चढतात. त्यापुढे ठेवली तर खाद्य ढीगभर खातात आणि वजन चिमूटभर वाढतं. पण बाबांच्या मते एवढ्या लहान कोंबडीचं मांस म्हणजे कापूस. "वय झाल्याशिवाय चव येत नाही. कोंबडीला काय नि माणसाला काय," असं म्हणून स्वतःच्याच छातीवर हात मारतात. म्हणून प्रत्येक बॅचमधली वजनात मागे पडलेली दोन-चार ते घरासाठी ठेवतात आणि पुढे महिना-दोन महिने वाढवतात. बाकी चांगली सगळी व्यापाऱ्याला. "आधी गाडी, मग घर," हा त्यांचा कायदा.

यंदा आईचा खुबा पार झिजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन केलं नाही तर चालणं विसरा. पण यांच्या अंगात जीवच नाही. आधी वजन वाढवा." आणि आई तर दोन घास खाऊन ताट सरकवायची.

बाबांनी ते मनावर घेतलं. मागे ठेवलेल्यांतला एक कोंबडा त्यांनी आईसाठी निवडला आणि त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायला लागले. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो.

"कापा की आता त्याला!" मी म्हणायची.

"थांब गं. अजून थोडा मुरू दे. तुझ्या आईला जून कोंबडीच आवडते."

"बाबा, इथे कोंबडा भरतोय आणि आई वाळतेय!"

ऐकतील तर शपथ. शेवटी एकदाचा पैलवान कापला. गॅस निम्मा संपला तरी शिजेना. बाबांनी स्वतःच्या हाताने आईला तंगडी वाढली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. आई चावत राहिली, हसत राहिली. ताट उचलताना मला तिच्या उशीखाली रुमाल सापडला. सगळं चावलेलं मांस त्यात गुंडाळून ठेवलेलं!

माझं डोकंच फिरलं. तशीच शेडमध्ये गेले आणि दुसऱ्या दिवशी गाडीत जायच्या कोंबड्यांतली एक चांगली गुबगुबीत उचलली. झटपट शिजली. आईने वाटी पुसून खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली. मला रडूच आलं.

मागे बाबा दारात उभे होते. "अगं, तुला जून आवडते ना?"

"तुम्हाला आवडते," आई म्हणाली. "तुम्ही इतक्या कौतुकाने वाढायचात, नाही कसं म्हणायचं? आणि कोवळ्या सगळ्या गाडीच्या."

"मग इतकी वर्षं कशी खाल्लीस?"

"दात होते तोवर चालून गेलं हो."

उरलेला पैलवान बाबांनी एकट्याने खाल्ला. त्यांचेही दात काही फार शाबूत नाहीत, पण हाडं चोखून काढली. किती रागवावं या माणसावर! मी त्यांच्या ताटात थोडा रस्सा वाढला.

सकाळी गाडी आली. क्रेट भरायच्या आधी बाबा एकटेच शेडमध्ये शिरले. एकेक कोंबडी उचलून छाती चाचपत होते, आवडली नाही तर खाली सोडत होते. बॅचमधल्या सगळ्यांत भरदार कोंबड्यांची एक क्रेट भरली आणि स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली.

"मालक, ती क्रेट राहिली की!" ड्रायव्हर ओरडला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आधी घर."

मग माझ्याकडे वळले, पण नजर काही वर उचलेना. "तिला विचार गं, तंगडी हवी की छातीचा तुकडा. मी कधी विचारलंच नाही."

मी तोंड उघडायच्या आत आतून आईचा आवाज आला, "छातीचा!"