नवी स्टेप

"वर बघ, दादा."

दर्शनाने विशालची हनुवटी धरली आणि त्याच्या पापणीवर चंदेरी रेघ ओढली. एरवी हे काम तो स्वतःच करायचा, आरशासमोर, शीळ घालत.

पवईतल्या ऑफिसांच्या आवारात संध्याकाळचा कार्यक्रम होता. 'झगमग' हे नाव विक्रोळीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना विशाल, त्याची ही धाकटी बहीण आणि हर्षद यांनी बँड काढला. टिकल्यांची जॅकेटं, उंच टाचांचे बूट, स्वतः रचलेली गाणी. लोक आधी हसायचे, मग मोबाइल बघत बसायचे. टाळ्या मिळाल्या त्या बहुतेक नातेवाइकांच्या. तरी तिघांनी हट्ट सोडला नव्हता.

गेल्या महिन्यात विशालने गिटार ठेवून दिली. 'आता फक्त गाणार,' एवढंच त्याने ड्रम वाजवणाऱ्या हर्षदला सांगितलं. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलंय, हे घरात एकट्या दर्शनाला माहीत होतं.

"हर्षदला सांगून टाक ना."

"सांगितलं की तो शो घेणंच बंद करेल. आजचा होऊ दे गं."

दुसऱ्याच गाण्यात विशालचा उजवा हात थरथरायला लागला. त्याने तो खिशात घालायला पाहिलं. जॅकेटला खिसाच नव्हता. पाठीमागे नेला, तर तोल जायला लागला. शेवटी हात वर गेला आणि दिव्यांच्या झोतात बोटं कापत राहिली.

समोरच्या एका मुलीने हात उंचावून तस्साच हलवला. मग तिच्या मैत्रिणींनी. बघता बघता सगळं आवार हात थरथरवत नाचू लागलं. विशालने वळून बहिणीकडे पाहिलं. मान खाली घालून ती कीबोर्ड वाजवत राहिली. तो गात राहिला.

कार्यक्रम संपला, गर्दी पांगली, तिघं सामान आवरू लागले. घामाने निथळणारा हर्षद विशालपाशी आला.

"विशल्या, काय स्टेप काढलीस यार! झकास! पब्लिक येडं झालं. आता प्रत्येक शोला हीच!"

"हो," विशाल म्हणाला. "प्रत्येक शोला."

हर्षदने हसत त्याचा उजवा हात हातात घेतला. क्षणभर तो तसाच हसत राहिला. हात मात्र त्याने सोडला नाही. मग दुसराही हात त्यावर ठेवला, दाबून धरला, आणि दर्शनाकडे बघितलं.

दर्शनाने गुंडाळून झालेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.