खालच्या खणातला कागद

मित्रांनो, माझं दार कुरकुरतं म्हणून मला नावं ठेवू नका. मी रायपुरातल्या एका सरकारी कचेरीतलं जुनं लोखंडी कपाट आहे, आणि कुरकुरायला माझ्याकडे कारण आहे.

माझा पत्रा शहराजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातला. चार खण, पितळी कडी, नवाकोरा हिरवा रंग, असा माझा थाट होता. माझ्या पोटात कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल असत. साहेब दरवर्षी प्रत्येकाच्या कामावर जो शेरा लिहितात, तो हा अहवाल. सगळ्या वर्षांचे अहवाल फायलीत असले, तरच पदोन्नती समिती त्या माणसाच्या नावाचा विचार करते.

माझी किल्ली पूर्णिमाबाई खोंडे यांच्याकडे होती. बूढापाऱ्यातून स्कूटरवर दहाच्या ठोक्याला हजर. दर दिवाळीला त्या माझे खण पुसून तळाशी नवं वर्तमानपत्र अंथरत. पण वरचे तीनच! खालच्या खणात बाबू लोकांच्या फायली होत्या, आणि त्यांत त्यांची स्वतःचीही होती. "आपल्या फायलीले आपणच हात लावू नाही," असं त्या म्हणत. तो खण शालिग्राम वर्मा या सहकाऱ्याकडे सोपवलेला होता.

एका वर्षी पूर्णिमाबाईंचा अहवाल आला. शेरा होता 'उत्कृष्ट'. शालिग्राम तो फायलीला लावणार, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. पंख्याने उडू नये म्हणून त्याने कागद खालच्या खणातल्या जुन्या वर्तमानपत्राखाली सरकवला, गेला, आणि साफ विसरला. दोन महिन्यांनी त्याची जगदलपूरला बदली झाली.

पुढे अधीक्षकाची जागा निघाली. ज्येष्ठतेत पूर्णिमाबाई पहिल्या, पण फायलीत एका वर्षाचा अहवाल नाही, म्हणून नाव बाजूला पडलं. शालिग्रामला फोन केला, तर तो म्हणाला, "रखा तो था, दीदी." शेरा लिहिणारे साहेब तोवर वारले होते. खालचा खण दोनदा उपसला गेला, पण तळाचं वर्तमानपत्र कोणी उचललं नाही. आणि पूर्णिमाबाई तीन पावलांवर हात मागे बांधून उभ्या! मला तोंड असतं, तर सगळी कचेरी गोळा केली असती. नऊ वर्षांत चार वेळा समिती बसली, चारही वेळा हेच झालं. त्यांच्या हाताखाली काम शिकलेले नीलकंठ अधीक्षक झाले, आणि पूर्णिमाबाई त्यांच्या सहीसाठी ताटकळू लागल्या. खरं सांगतो, मला त्यांचाच राग येई. इतकं सोवळं काय कामाचं?

तीस जूनला त्यांची नोकरी संपली. कार्यभार घेताना यशदीप या नव्या बाबूने प्रत्येक खण पाहिला. खालच्या खणातलं पिवळं वर्तमानपत्र त्याने ओढलं आणि तो थबकला.

"दीदी, ये तो आपका है."

पूर्णिमाबाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला. त्यांचे कान लाल झाले. यशदीप चाचरत म्हणाला, आता आज तर शेवटचा दिवस, याचा काय उपयोग?

"आवक नंबर टाक अन् फायलीले लाव," त्या म्हणाल्या. "साडेपाच वाजेपर्यंत मी इथली बाबू आहो. उद्यापासून नाही. उद्या मले माझ्या फायलीसाठी भांडता येते."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्या आल्या, पण बाहेरच्या लोकांच्या बाकावर बसल्या. मागच्या तारखेपासून पदोन्नती मिळावी, असा अर्ज त्यांनी दिला. तो अजून नीलकंठ यांच्या टेबलावर आहे. दर सोमवारी त्या विचारायला येतात आणि दर सोमवारी त्यांना पुढचा सोमवार मिळतो.

मित्रांनो, दुसऱ्यांचे खण झाडताना आपल्या नावाचा खणही झाडत जा. आणि कृपा करून माझ्या बिजागरीला तेल घालू नका. नऊ वर्षं मी गप्प होतो. सोमवारी त्या बाकावर बसल्या असताना माझं दार कोणी उघडलं, तर कुरकुर नीलकंठांच्या टेबलापर्यंत ऐकू गेली पाहिजे.