पाचवरचा ठिपका

चार महिन्यांपूर्वी ताईचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान म्हातारपणावर ढकलता आलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. ते पत्र माझ्या टेबलाच्या काचेखालीच होतं आणि मी रोज त्याचं उत्तर तयार करत होतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे आता ऐंशीची. भावोजी गेल्यापासून ती एकटी राहते, माझ्यापासून दिवसभराच्या प्रवासावर. पन्नास वर्षं आमचं पत्रांवरच चाललं आहे आणि त्याला कारण मी. मला फोनवर बोलता येत नाही. समोरच्याचा चेहरा दिसला नाही की शब्द घशात अडकतात आणि शेवटी मी 'बरं' म्हणून फोन ठेवून देतो. ताईला हे माहीत आहे. तिनं कधी आग्रह धरला नाही.

पत्र असं होतं:

'किड्या, आधी ती लाल पेन्सिल खाली ठेव आणि मग वाच. आमचा तारेचा फोन कायमचा बंद झाला. मुलगा म्हणतो, मोबाईल घे. चार महिन्यांनी तो सुट्टीवर येईल. तेव्हा त्याच्यासमोर मी माझ्या हातानं फोन लावून दाखवायचा, नाहीतर घराला कुलूप लावून त्याच्याकडे चलायचं, असा हुकूम झालाय. मला माझं घर सोडायचं नाही. तेव्हा मोबाईलमध्ये काय काय असलं पाहिजे ते नीट वाचूनबिचून मला कळव. बटणांचे मिळतात का रे अजून? मुलाला विचारलं तर तो हजार प्रश्न करील. तू करणार नाहीस.'

मी केले नाहीत.

किड्या म्हणजे पुस्तकी किडा. हे नाव तिनंच ठेवलेलं. पंच्याहत्तरी जवळ आली तरी तिच्या लेखी मी किडाच. आणि लाल पेन्सिलीचं म्हणाल तर ती मी खाली ठेवली नव्हती. छत्तीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. कागद हातात आला की पेन्सिल आपोआप येते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मी तशीच वाचतो. ताईच्या पत्रात तिसरी ओळ चढत जाऊन दुसरीवर बसली होती. तिथे मी 'ओळ सरळ करा' अशी खूण केली. एक वाक्य कागदाच्या कडेवरून खाली पडलं होतं, त्याला गोल केला. 'माझं घर सोडायचं नाही' हे तिनं दोनदा लिहिलं होतं, एकावर एक. त्यातलं एक मी खोडलं. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'घाई. काळजीपूर्वक लिहावे.'

मग मी एक वही घेतली.

आमच्या कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान आहे. तिथे काम करणारी मुलगी पहिल्या दिवशी फार आदरानं बोलली. तिसऱ्या खेपेला मी वही उघडली तेव्हा तिनं मालकाला हाक मारून सांगितलं, "परीक्षक आले!" तेव्हापासून तेच नाव पडलं.

"आजोबा, आज कुठला पेपर तपासायचा?"

"बॅटरी," मी म्हणायचो. किंवा, "आज फक्त पडदा."

"एखादा विकतही घ्यायचा असतो बरं का. वाचनालय नाही हे."

मला राग यायचा नाही. तिचं बरोबर होतं. पण एका माहितीपत्रकात बॅटरीला पहिलं स्थान, तर दुसऱ्यात कॅमेऱ्याला. माझं आयुष्य कोणता मजकूर आधी आणि कोणता नंतर हे ठरवण्यात गेलेलं, आणि इथे मला अकरा मुद्दे क्रमानं लावता येईनात. दर आठवड्याला मी यादी नव्यानं लिहीत होतो. शेवटी मोठा पडदा पहिला आणि चांगला कॅमेरा दुसरा असं ठरलं, कारण ताईला फोटो बघायची हौस. अकराव्या क्रमांकावर होतं: 'बटणे. कालबाह्य. विचार नको.'

गेल्या मंगळवारी माझा फोन तीनदा वाजला. नंबर अनोळखी होता, म्हणून मी तो नेहमीप्रमाणे रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवला. बुधवारी सकाळी पुन्हा वाजला. आवाज बंद करायला गेलो आणि भलतंच दाबलं गेलं.

"ताईंचे भाऊच ना? किडेसाहेब?"

"हो... म्हणजे... हो."

"अहो, काल तीन वेळा केला! उचलायला काय हात भाजतो का? मी ताईंच्या खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. तुमचा नंबर त्यांच्या जुन्या डायरीतून काढला. तुमच्या पत्राचं काय झालं? रोज संध्याकाळी जिन्यातून हाक मारतात, 'आलं का गं किड्याचं? वाचून दाखव मला.'"

"वाचून दाखव?"

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

"तुम्हाला माहीत नाही? त्यांना दिसत नाही हो आता. कडेकडेचं धूसर दिसतं, मधोमध काही नाही. वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं. घरात वावरताना पाहिलंत तर ओळखूसुद्धा यायचं नाही तुम्हाला. कपात बोट धरून चहा ओततात, थेंब सांडत नाही. पण मुलाला कळलं तर एक दिवस ठेवायचा नाही तो तिथे. मला शपथ घातलीय. म्हटलं, भावाला तरी सांगितलं असेल."

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतोय मुलगा. मी आणून दिला असता एखादा फोन, पण ऐकतील तर शपथ! म्हणतात, 'किड्या वाचतोय. तो सावकाश सांगतो, पण सांगितलं की चुकत नाही.'"

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

काचेखालचं पत्र बाहेर काढलं. मग कपाटातली फाईल काढली आणि गेल्या वर्षाची तिची सगळी पत्रं ओळीनं टेबलावर मांडली. नऊ होती. पहिल्यावर माझ्या दोन लाल खुणा. तिसऱ्यावर पाच. सहाव्यात ओळी उतरत्या झालेल्या, तिथे मी बाण काढलेले. आठव्यात तिनं पानाच्या शेवटी लिहायला सुरुवात करून वरचं अर्धं पान कोरं ठेवलेलं, तिथे माझं प्रश्नचिन्ह. तिचं दुखणं महिन्यागणिक इतकं नीट कुणा डॉक्टरानंही टिपलं नसेल. तारखेनिशी माझ्याकडे होतं. मी फक्त वाचलं नव्हतं.

'तू प्रश्न करणार नाहीस,' असं ती म्हणाली होती. मला वाटलं होतं, ती माझ्या स्वभावाचं कौतुक करते आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या टेबलापाशी बसून कबूल करावी लागली. ताईच्या हातात फोन आला की तो वाजणार कुणाकडे? माझ्याकडेच. चार महिने मी यादी लांबवत होतो ती ताईसाठी की स्वतःसाठी, हे मला नक्की सांगता येत नाही. नक्की सांगता येत नाही, यातच काय ते आलं.

तासाभरानं मी दुकानात गेलो. वही नेली नाही.

"परीक्षक! आज वही कुठाय?"

"मला डोळे मिटून फोन दाखव," मी म्हणालो.

"मी मिटू की तुम्ही?"

मी स्टुलावर बसलो आणि डोळे मिटले. "मला दिसत नाही असं समज. माझ्या बहिणीला दिसत नाही."

काचेचं कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं माझ्या हातात एक गार, गुळगुळीत पाटी आली. माझ्या यादीतला पहिला क्रमांक असणार. मी त्यावर बोट फिरवलं. कुठे काय आहे याचा पत्ता लागेना. बोट टेकलं की काहीतरी व्हायचं, पण काय झालं ते कळायचं नाही.

"आजोबा, तुम्ही आत्ता कॅमेरा लावलात आणि माझ्या चपलेचा फोटो काढलात."

"दुसरा दे."

दुसराही तसाच होता. तिसऱ्याच्या वायरीची पिन मी भोकात घालायला गेलो. ती उलटी गेली, मग सुलटी केली तरी जाईना. रांगेतला कुणीतरी हसला. मुलगी त्याला म्हणाली, "तुम्ही मिटा डोळे आणि घालून दाखवा." मग खोकी सरकवल्याचा, धूळ फुंकल्याचा आवाज आला.

"हा बघा. सगळ्यात खालच्या फळीवर होता. कुणी विचारत नाही याला."

डबीसारखा फोन होता तो. उघडला की खट्ट वाजला. आत बटणं होती, खरी, उंच, एकमेकांपासून वेगळी. मी अंगठा फिरवला. मधल्या बटणावर एक बारीक ठिपका लागला, तांदळाच्या कणीएवढा.

"तो पाच," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटलं, तिनंही डोळे मिटले असावेत. "पाच सापडला की बाकीचे सापडतात. वर दोन, खाली आठ. आणि दाबला की आकडा बोलतो. दाबा ना."

मी दाबलं. फोन मोठ्यानं 'पाच' म्हणाला.

"फोन आला की उघडायचा, झालं की मिटायचा. आणि चार्जिंगला याला वायर खुपसायची नाही, ही बैठक आहे, हिच्यात नुसता ठेवायचा. तुमचा नंबर सांगा, दोनवर टाकते. दोन दाबून धरला की थेट तुम्ही."

माझ्या छत्तीस पानांच्या वहीत बैठक नव्हती. ठिपका नव्हता. मी डोळे मिटलेलेच ठेवून पाच शोधला, वर गेलो आणि दोन दाबून धरला. माझ्याच खिशात फोन वाजू लागला. मी दचकलो.

"उचला की!" मुलगी म्हणाली. नवा फोन तिनं माझ्या हातातून काढून घेतला असावा, कारण तिचा आवाज दोन हातांवरून आणि माझ्या कानातून असा दोन्हीकडून आला. "हॅलो, परीक्षक?"

"बरं," मी म्हणालो.

सगळं दुकान हसलं. मीही.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो आणि पेन थांबलं. फोन सापडला, पण तो पाठवणं योग्य आहे का? ऐंशी वर्षांची बाई, दिसत नाही, एकटी. उद्या जिन्यात पाय घसरला तर भाचा मला विचारील, मामा, तुम्हाला माहीत होतं? आणि न पाठवावा, तर मी काही न करता तिच्या घराला कुलूप लावलं असं होईल. आजवर मी जे जे काही न करता केलं आहे, त्याची यादी अकरा मुद्द्यांत मावणार नाही.

मी शिवणकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला. आपणहून कुणाला फोन लावल्याचं मला अलीकडे आठवत नाही.

"अय्या, किडेसाहेब! सूर्य कुठं उगवला?"

"गॅस..." मी म्हणालो. "ताई गॅस बंद करते ना? म्हणजे... पडली वगैरे नाही ना?"

"एकदा दूध उतू गेलं होतं. माझंही जातं. पडल्या एकदा, उंबऱ्याला अडखळून. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या." मशीन थोडं चाललं, थांबलं. "हे बघा, मी खाली आहे. पण मी काही रात्रंदिवस नाही. खरं सांगू? मुलाला कळायला हवं. फक्त त्या हरलेल्या असताना नको."

म्हणून मी बाईंकडून मुलाचा नंबर घेतला, दुकानातल्या मुलीकडून दोन्ही नंबर फोनमध्ये टाकून घेतले आणि असं लिहिलं:

'ताई, बटणांचे मिळतात. सोबत आहे. मधल्या बटणावर ठिपका आहे, तो पाच. दोन दाबून धरलास की मी, तीनवर खालच्या बाई, चारवर तुझा मुलगा. तो येईल त्या रविवारी त्याच्यासमोर फोन लावून दाखव. मग त्याला डोळ्यांचं सांग. याच क्रमानं, उलट नको. मी बरोबर सांगतोय की नाही मला माहीत नाही. तुझी पत्रं मी लाल पेन्सिलीनं वाचली, आणि मला कळलं नाही. रोज सकाळी नऊ वाजता फोन कर. मला बोलता आलं नाही तरी मी उचलीन. किड्या.'

बाई हे ताईला मोठ्यानं वाचून दाखवतील, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. पेन्सिलीचं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

टपाल कचेरीतल्या कारकुनानं पुडकं हलवून पाहिलं. "आत काय?"

"फोन आणि पत्र."

"फोन आहे तर पत्र कशाला? फोन करूनच सांगायचं."

"ते नऊ वाजता," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "शुक्रवारी पोचेल." शिक्का मारला. तेवढ्यात मला आठवलं की मी पत्र पुन्हा वाचलंच नव्हतं. माझ्या हातून न तपासलेला कागद आजवर कधी बाहेर गेला नव्हता. मी हात पुढे केला. पण पुडकं पोत्यात पडलं होतं आणि माझ्या मागचा माणूस म्हणत होता, "झालं ना, आजोबा? सरका."

मी सरकलो.